रेघ आखूड पडली

आमचं दुकान एसटी थांब्यासमोर आहे, यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात, गावाचं नाव सांगून काही फरक पडत नाही. झेरॉक्स, लॅमिनेशन, पीकविम्याचे फॉर्म, लग्नपत्रिकेचं मॅटर, अन् दिवाळीच्या आधीपासून फेब्रुवारीपर्यंत शाळांचे पेपर. त्यात सगळ्यात डोकं खाणारा पेपर गणिताचा. मराठीचा पेपर मी तासाभरात टाईप करून मोकळी होते, गणिताला अख्खी दुपार जाते, तरी सर लोक पानाचा भाव दोन्हीला सारखाच देतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण शेवटी गोष्ट पैशावर येणारच आहे.

तर झालं असं की २०२३ च्या डिसेंबरात बाजूच्या गावच्या शाळेतले गणिताचे सर दुकानात आले, गाडी चालूच ठेवून, अन् मोबाईल माझ्यासमोर धरला. "ताई, हा सूत्रवाला कागद तुमच्याच हातचा ना वो?"

माझ्याच हातचा. २०१६ मधे टाईप केलेला दहावीच्या सूत्रांचा कागद, मग २०२० मधे शाळा बंद पडल्या तेव्हा त्याचाच फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता, तो तेव्हापासून ग्रुपाग्रुपात फिरूनच राहिला. त्यात वर्गसमीकरणाचं सूत्र. वजा बी, अधिक-वजा, वर्गमुळात बी वर्ग वजा चार एसी, अन् खाली दोन ए. सगळं होतं, फक्त भागाकाराची रेघ आखूड होती. ती नुसत्या वर्गमुळाखाली होती, वजा बी बाहेर उघड्यावर राहिला होता.

आता इतकी वर्षं कोणालाच काहून दिसलं नाही? कारण सर वर्गात फळ्यावर बरोबर लिहितात अन् पोरं फळ्यावरचं उतरवतात, माझा कागद वहीत घडी घालून पडलेला. पण या वर्षी तांड्यावरची एक पोरगी दोन आठवडे कापूस वेचायला घरी होती, तो धडा वर्गात झाला तेव्हा ती नव्हतीच, तिनं मोबाईलवरचा कागद पाहून गणित केलं. एक्स वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा. कोणीही सांगेल उत्तर ३ अन् २. तिचं आलं साडेपाच अन् साडेचार. आणि पोरगी अशी की उत्तर परत समीकरणात टाकून पाहिलं, अन् मग सरांना फोन लावला, "सर, साडेपाच टाकलं तर पावणेनऊ येते, साडेचार टाकलं तर पावणेचार, शून्य येऊनच नाही राहिलं."

मी तिचा आकडा कॅल्क्युलेटरवर मांडून पाहिला. पावणेनऊच येते. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुरुस्त करू म्हणून जुनी फाईल शोधली, सापडली पण, सूत्रावर डबल क्लिक केलं तर उघडेना, समीकरणाचं साधन उपलब्ध नाही असं लिहून येई. भाच्याला फोन केला, तो अमरावतीला बी.एस्सी. करतो, तो म्हणे मामी, ते जुनं इक्वेशन एडिटर ३.० जानेवारी २०१८ च्या अपडेटमधे काढूनच टाकलं, त्यात सुरक्षेचं भगदाड सापडलं होतं. म्हणजे सूत्र दिसते, छापता येते, पण हात लावता येत नाही. अन् व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तो तर फोटोच, त्यात काय दुरुस्त करता, त्यावर पांढरा रंग लावून रेघ ओढायची का?

सरांचं म्हणणं सरळ होतं. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं शाळेसाठी सराव प्रश्नांची साईट करून दिली होती, पोरं मोबाईलवर उघडतात, त्याचं लॉगिन त्यांनी मला दिलं अन् म्हणाले, "सगळं इथं टाका, पण फोटो नको. पोरानं चूक सांगितली का त्याच दिवशी दुरुस्त झाली पाहिजे."

मी हो म्हटलं. टायपिंगची मराठी ३० पास, ४० पास, एमएससीआयटी झालेली, मला वाटलं एडिटर एडिटरच असतो, वर बोल्ड-इटॅलिकची पट्टी, खाली लिहायची जागा. पट्टीवर एक सिग्माचं चिन्ह होतं. दाबलं तर खिडकी उघडली, वर ग्रीक अक्षरं, बाण, रूट, भिन्न (म्हणजे अपूर्णांक) असे कप्पे, खाली लिहायची चौकट अन् त्याखाली ते पोरांना कसं दिसेल याचा नमुना. मी भिन्नावर क्लिक केलं. मला वाटलं वर-खाली दोन रिकाम्या चौकटी अन् मधे रेघ येईल. आलं काय तर बॅकस्लॅश, म्हणजे उलटा तिरका दांडा, त्याला चिकटून एफ आर ए सी ही चार अक्षरं, अन् मागं महिरपी कंसाच्या दोन जोड्या. पहिल्या जोडीत जे लिहाल ते रेघेच्या वर, दुसरीत लिहाल ते खाली.

मी मुद्दाम माझी २०१६ ची चूक तिथं करून पाहिली. वजा बी अन् अधिक-वजा बाहेर ठेवलं, पहिल्या कंसात फक्त वर्गमूळ. नमुन्यात हुबेहूब माझा जुना कागद. मग वजा बी कट करून उचलला अन् पहिल्या कंसाच्या आत नेऊन टाकला, आणि रेघ माझ्या डोळ्यासमोर लांब झाली. सात वर्षं जी चूक डोळ्याला दिसली नाही ती इथं कंस कुठं उघडला अन् कुठं मिटला एवढ्यात दिसत होती. त्या दिवसापासून माऊसनं कप्प्यातून वेचून आणायचं सोडलं अन् सरळ टाईप करायला बसले.

बसले खरी, पण हात मराठीचा. टायपिंग परीक्षेचा रेमिंग्टन कीबोर्ड सोडून मी युनिकोडसाठी इनस्क्रिप्ट शिकले, त्याची बोटं बसलेली. प्रश्न मराठीत, सूत्र इंग्रजी अक्षरात, म्हणजे दर ओळीला तीनदा कीबोर्ड बदलायचा, अन् एकदा विसरलं की संपलं. इनस्क्रिप्टमधे बॅकस्लॅशच्या जागी ऑ ची टोपी आहे. महिरपी कंस उघडायला जावं तर ढ येतो, मिटायला जावं तर ञ. घाताचं टोपीसारखं चिन्ह दाबलं की त्र. म्हणून माझ्या पहिल्या दिवसाच्या कामात ऑ च्या टोपीमागं वेलांट्या, मग म, मग ढ, असं काहीतरी भुताचं लिहिलेलं अधूनमधून सापडायचं. निश्चयकात, म्हणजे दोन उभ्या दांड्यांच्या मधे आकडे मांडतात त्यात, तर मजाच झाली, दोन स्तंभ वेगळे करायला जे अँडचं चिन्ह लागते तिथं इनस्क्रिप्टवर क्ष आहे. सरांनी पाहिलं अन् म्हणे, "ताई, आमच्या लहानपणी एक्सलेच क्ष म्हणत, हा दुसरा कोणता काढला वो?"

मग उपाय केला. नोटपॅडची एक फाईल केली, मसाल्याच्या डब्यासारखी. भिन्न एका वाटीत, वर्गमूळ एका वाटीत, निश्चयक, त्रिकोणमिती, श्रेढीची बेरीज, सगळ्यांचे रिकामे कंसवाले साचे, तिथून उचलायचे अन् फक्त आतले आकडे भरायचे. नोटपॅडचा दुसरा फायदा असा की एका दुपारी चौदा प्रश्न सरळ एडिटरमधे लिहिले, सेव्ह करायचे राहिले, अन् लाईन गेली. आमच्याकडे लाईन गेली म्हणजे पंख्याखालून उठून ओट्यावर जायचं अन् शेजारणीशी बोलायचं, दुसरा इलाज नाही. चौदाच्या चौदा पुन्हा लिहिले. तेव्हापासून आधी नोटपॅड, मग एडिटर.

पुढचा घोळ मराठी शब्दांचा. क्षेत्रफळ बरोबर एक छेद दोन गुणिले पाया गुणिले उंची, हे मी सगळंच्या सगळं सूत्राच्या आत लिहिलं. दिसलं काय, क्षेत्रफळातली अक्षरं सुटी सुटी, मात्रा बाजूला जाऊन एका ठिपक्यांच्या गोलावर बसलेली, उंचीची दीर्घ वेलांटी एकटी उभी. सूत्राच्या आत प्रत्येक अक्षर वेगळी चलराशी धरली जाते, ए गुणिले बी सारखी, तर त्याला काय माहीत मात्रा मागच्या अक्षराची आहे. अन् दोन शब्दांमधली मोकळी जागा पण गिळते. त्यावर उपाय म्हणजे बॅकस्लॅश टेक्स्ट लिहून शब्द महिरपी कंसात ठेवायचा, की तो शब्द शब्दासारखा राहतो. हे मला भाच्यानं सांगितलं, सांगताना हसला, मी म्हटलं हस बाबा, तुझ्या लग्नाची पत्रिका अशीच सुटी सुटी छापते.

त्यानंच मला सांगितलं की ही सगळी भाषा आली कुठून. डोनाल्ड कनूथ म्हणून अमेरिकेतला कॉम्प्युटरचा प्राध्यापक, १९७७ मधे त्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीचे प्रूफ आले, ते इतके खराब दिसले की त्यानं स्वतःच अक्षरजुळणीचा प्रोग्राम लिहायला घेतला, टेक नावाचा, पहिलं रूप १९७८ चं. त्यावर पुढं लेस्ली लॅम्पोर्टनं लाटेक केलं, त्यातलीच ही बॅकस्लॅशवाली लिपी. टेकच्या आवृत्तीचा नंबर ३ पासून पुढं दर दुरुस्तीला पायचा एकेक आकडा वाढवत जातो, ३.१, मग ३.१४, असा. आणि त्यात चूक शोधून देईल त्याला कनूथ चेक लिहून द्यायचा, २.५६ डॉलरपासून सुरुवात, कारण २५६ हा कॉम्प्युटरवाल्यांचा लाडका आकडा. मला ही गोष्ट लय आवडली. प्रूफ पाहून वैतागलेला माणूस मला कळतो. फक्त आमच्याकडे चूक सापडली तर चेक येत नाही, पेपरचे पैसे कापतात.

मग जानेवारीत तो प्रकार झाला ज्यानं माझी दोन रात्रीची झोप गेली. संकीर्ण प्रश्नसंचातले वीस प्रश्न टाकले, एडिटरमधे नमुना पाहिला, सगळं चोख. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन, पोरांच्या मोबाईलवर सहा प्रश्नांत समीकरणच नाही, नुसत्या बॅकस्लॅशच्या रांगा. मी माझ्या मोबाईलवर उघडलं, खरंच. चौदा प्रश्न झकास, सहा नागडे. अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, चालणाऱ्या अन् न चालणाऱ्या सूत्रात एका ठिपक्याचा फरक नाही. पुसून पुन्हा चिकटवलं, तेच. लॉगिन बदलून पाहिलं, तेच. नवऱ्याला पण पाहायला लावलं, तो म्हणे मशीनला उन्हात ठेव.

भाच्यानं फोनवर एकच विचारलं, "मामी, ते सहा तू कुठून कॉपी केले?" नोटपॅडमधून नाही. ते सहा सरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या वर्ड फाईलमधून उचलले होते. मग त्यानं मला एडिटरचा एचटीएमएलवाला मागचा भाग उघडायला लावला, शिवलेल्या पोलक्याची उलटी बाजू पाहावी तसं. समोरून जे सूत्र साफ दिसत होतं त्याच्या पोटात वर्डमधून आलेले फाँटचे, रंगाचे, साईजचे टॅग, म्हणजे लपलेल्या सूचना, घुसलेले, बी वर्ग अन् चार एसीच्या मधोमध. साईटवर सूत्र मांडून दाखवायचं काम मॅथजॅक्स करते, ते पान उघडल्यावर सगळा मजकूर चाळत जाते, सूत्र सुरू झाल्याची खूण शोधते अन् संपल्याची खूण शोधते, मधल्या भागात असा टॅग आडवा आला की त्याला दोन्ही खुणा एका सूत्राच्या वाटतच नाहीत, ते सोडून पुढं जाते. दिसायला काहीच नाही, अन् काम बंद. आता मी कंट्रोल-शिफ्ट-व्ही शिवाय चिकटवत नाही, त्यानं नुसती अक्षरं येतात, कपडेलत्ते मागं राहतात. हे एकच वाक्य कोणी मला डिसेंबरात सांगितलं असतं तर.

पण माणसाला नवीन हत्यार मिळालं की सगळीकडे वापरावंसं वाटते. मला तो एचटीएमएलचा भाग आवडला, मी तिथंच थेट दुरुस्त्या करायला लागले. नववीचा प्रश्न होता, त्रिकोणाच्या बाजूंच्या असमानतेचा, ए लहान बी अधिक सी. तिथं लहानचं चिन्ह बी ला चिकटवून लिहिलं अन् सेव्ह केलं, तर उरलेला प्रश्न गायब. त्या भागात लहानच्या चिन्हाला लागून अक्षर आलं की ब्राउझर त्याला टॅगची सुरुवात समजतो. एकतर दोन्ही बाजूला जागा सोडायची, नाहीतर बॅकस्लॅश एल टी लिहायचं. मी दोन्ही करते. एकदा पोळलेली आहे.

निश्चयकानं वेगळंच छळलं. दोन समीकरणं सोडवायच्या क्रेमरच्या पद्धतीला दोन बाय दोनचा निश्चयक पाहिजे, ओळ बदलायला दोन बॅकस्लॅश लागतात, अन् त्या साईटचा एडिटर सेव्ह करताना त्यातला एक खाऊन टाकायचा. मग दोन ओळींची एक ओळ व्हायची, चार आकडे शेजारी शेजारी, उभ्या दांड्यांच्या मधे आडवे झोपलेले. त्याच्याऐवजी बॅकस्लॅश सी आर चालते. कसं सापडलं विचारू नका, रात्री साडेअकराला सापडलं.

अन् मोबाईलची गोष्ट तर मी विसरूनच गेले होते. मी पाहते दुकानातल्या मोठ्या मॉनिटरवर, पोरं पाहतात तळहाताएवढ्या फोनवर, तो पण घरात एकच, बापाच्या खिशातला. साधा मजकूर आपोआप खालच्या ओळीत उतरतो, लांब समीकरण उतरत नाही, ते उजवीकडं स्क्रीनच्या बाहेर चालू लागते. श्रेढीच्या बेरजेचं पूर्ण उत्तर मी एका ओळीत मांडलं होतं, पोरांना बरोबरचं शेवटचं चिन्ह दिसे अन् उत्तर धुऱ्याच्या पलीकडं. आता दर बरोबरच्या चिन्हाला नवी ओळ, खाली खाली बरोबरची चिन्हं एका रेषेत, सर फळ्यावर मांडतात तसं. पेपरात मी कागद वाचवायला सगळं दाटून लिहायचे, ती सवय मोडायला वेळ लागला.

भाचा म्हणतो ब्राउझरला स्वतःला पण गणित कळते आता, त्याची मॅथएमएल नावाची पद्धत १९९८ मधेच ठरली होती, पण क्रोममधे ती जानेवारी २०२३ ला आली. मी म्हटलं पंचवीस वर्षं, म्हणजे आमच्या थांब्यावरच्या शेडसारखंच.

भूमितीच्या आकृत्या मात्र अजून फोटोच आहेत. कंपासनं कागदावर काढते, मोबाईलनं फोटो, कापून टाकते. त्यात चूक झाली तर पुन्हा कंपास.

फेब्रुवारीत बोर्डाच्या आधी साईटवर तीनशेच्या वर प्रश्न झाले होते अन् पोरं चुका कळवायला लागली होती. सरांनी त्यांना सांगून ठेवलेलं, उत्तर आलं की परत टाकून पाहा, नाही जमलं तर मला सांगा. तांड्यावरच्या त्या पोरीनं एकटीनं नऊ चुका काढल्या, त्यातल्या सात माझ्या, दोन सरांच्या. एक तर मी दारव्ह्याला जाताना एसटीत बसून मोबाईलवर दुरुस्त केली, शेजारच्या बाईच्या मांडीवर कोंबडी होती अन् मी महिरपी कंस शोधत होते. वजा राहिला होता, टाकला, सेव्ह. सरांना कळवायच्या आत पोरीला दिसला.

मार्चमधे हिशोबाला बसलो. सर म्हणाले, "पानं किती झाली वो ताई?"

मी म्हटलं सर, पान कुठं आहे ह्याच्यात.

ते पण थांबले. मग म्हणे प्रश्नामागं ठरवू. मी म्हटलं एक प्रश्न एका ओळीचा असतो अन् एका प्रश्नात तीन निश्चयक असतात, कसं ठरवता. मग म्हणे समीकरणामागं. बरं, समीकरणामागं दोन रुपये धरले, अन् मग मी दुरुस्तीचं काढलं. छापायच्या पेपरला माझा नियम आहे, दोन प्रूफ फुकट, तिसऱ्यापासून पैसे. इथं प्रूफ संपतच नाही, पोरगी जून महिन्यात पण चूक काढू शकते, पुढच्या वर्षीची पोरं पण काढतील.

"मग तुमच्या चुका फुकट अन् माझ्या चुकांचे पैसे," सर म्हणाले.

मी वही काढली. सात अन् दोन. दोनाचे चार रुपये लावले, त्यांनी सुटे नाहीत म्हणून चहा सांगितला.